पाचवी ते आठवी : पालकांनी काय तपासावे, काय करावे आणि काय मुलांवर सोडावे

राज्य मंडळाच्या शाळेत पाचवीपर्यंत ‘परिसर अभ्यास’ या नावाखाली एकत्र असलेला विषय सहावीत फुटतो आणि त्याचे सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र आणि भूगोल असे स्वतंत्र विषय होतात. गणितात ऋण संख्या, समीकरणे, गुणोत्तर-प्रमाण आणि शेकडेवारी येते, आणि सेमी-इंग्रजीच्या मुलांना गणित व विज्ञान इंग्रजीतून समजून घ्यायचे असते. दिवसभर वर्गावर असणाऱ्या एका बाईंच्या जागी तासागणिक वेगळे शिक्षक येऊ लागतात. त्यामुळे अमुक मुलगा गेले पंधरा दिवस गप्प आहे किंवा अमुक मुलीची गणिताची वही कोरी राहते आहे, हे कोणा एकाच्या नजरेत भरेलच असे राहत नाही. नेमक्या याच काळात मुलांचे शरीर बदलते, मित्र घरच्यांपेक्षा जवळचे वाटू लागतात आणि “तू जा, मी बघतो” हे वाक्य घरात ऐकू येऊ लागते.

यात परीक्षापद्धतीची एक गोष्ट पालकांनी नीट समजून घेतली पाहिजे. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला तेव्हा आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवू नये, अशी तरतूद होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी आणि आठवीला परीक्षा घेण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा सुरू झाली. तीत अनुत्तीर्ण झालेल्यांची पुनर्परीक्षा होते आणि तीही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहते. सहावी आणि सातवीला मात्र असा कोणताही अडसर नाही. कच्चे राहिलेले मूल ही दोन वर्षे बिनबोभाट पुढे सरकते आणि घरी कोणाला शंकाही येत नाही. नववीत गणितात अडकलेल्या मुलाच्या वह्या मागे मागे चाळत गेले, तर गाडी पहिल्यांदा रुळावरून घसरलेली दिसते ती बहुधा पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांपाशी. म्हणून या वर्षांत पालकांनी करण्याचे सर्वांत मोलाचे काम, माझ्या मते, रोज शेजारी बसून गृहपाठ करून घेणे हे नाही. पाया कुठे पोकळ आहे हे वेळीच शोधणे, तो भरून काढणे आणि बाकीचा अभ्यास टप्प्याटप्प्याने मुलाच्या हाती सोपवणे, हे ते काम आहे. पुढील पायऱ्या राज्य मंडळ डोळ्यांसमोर ठेवून मांडल्या आहेत; इतर मंडळांत पुस्तके आणि परीक्षा वेगळ्या असल्या तरी बहुतेक पायऱ्या तशाच लागू पडतात.

पहिली पायरी : जूनमध्येच पाया तपासावा

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात, पाहुणे नाहीत आणि कोणाला घाईही नाही असा एखादा रविवार निवडावा. ही परीक्षा नाही हे मुलाला आधीच सांगावे आणि खरोखरच ती परीक्षा होऊ देऊ नये. गुण लिहू नयेत, भावंडांसमोर बसवू नये.

आधी वाचन पाहावे. विज्ञानाच्या किंवा भूगोलाच्या पुस्तकातला अजून न शिकवलेला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला द्यावा, मग पुस्तक मिटून “यात काय सांगितलं आहे?” असे विचारावे. जोडाक्षर आले की मूल शब्दाचा शेवट अंदाजाने म्हणते का, ओळ सुटते का, आणि अस्खलित वाचूनही आशय सांगता येत नाही असे होते का, याकडे लक्ष द्यावे. शेवटचा प्रकार सर्वाधिक फसवा असतो, कारण असे मूल वर्गात छान वाचते आणि ते हुशार आहे असा सर्वांचा समज झालेला असतो. सेमी किंवा इंग्रजी माध्यमातील मुलाला गणितातले एक शाब्दिक उदाहरण इंग्रजीतून द्यावे. अडले तर तेच मराठीतून सांगावे. मराठीत सांगताच उत्तर आले, तर मूल गणितात कच्चे नाही, अडचण भाषेची आहे, आणि त्यासाठी गणिताचा क्लास लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

त्यानंतर गणित. दहा मिनिटांत पुष्कळ काही उघड करणारी चार छोटी उदाहरणे पुरतात. ६१२ ला ६ ने भागायला सांगावे. स्थानिक किंमत कच्ची असलेले मूल १०२ ऐवजी १२ लिहिते, कारण मधला १ भागला जात नाही तेव्हा भागाकारात शून्य द्यायचे असते हे त्याला उमगलेले नसते. ०.५ आणि ०.३५ यांतली मोठी संख्या कोणती हे विचारावे. पाचापेक्षा पस्तीस मोठे म्हणून कित्येक मुले ०.३५ सांगतात. −७ आणि −३ यांतली मोठी कोणती हे सहावीच्या वर्षअखेरीस विचारावे. आणि १/२ + १/३ करायला द्यावे. वरचे वर, खालचे खाली मिळवून २/५ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात.

उत्तर चुकले की लगेच दुरुस्त करण्याचा मोह आवरावा आणि “कसं केलंस, मला सांग” एवढेच म्हणावे. मूल सांगू लागले की चुकीचे मूळ आपोआप समोर येते. २/५ चेच पाहा. कागदाची १२ सेंटिमीटर लांबीची पट्टी कापावी. तिचा अर्धा भाग ६ सेंटिमीटर, तिसरा हिस्सा ४ सेंटिमीटर, दोन्ही मिळून १० सेंटिमीटर, म्हणजे बारापैकी दहा, म्हणजेच ५/६. आता मुलाने काढलेले २/५ त्याच पट्टीवर मोजायला सांगावे. ते ४.८ सेंटिमीटर भरते, म्हणजे ज्या अर्ध्यात आपण आणखी काही मिळवले, त्या अर्ध्यापेक्षाही कमी. ही विसंगती मुलाला स्वतःच्या हातांनी मोजून दिसली, की छेद समान का करायचे हे निराळे पटवून द्यावे लागत नाही.

कच्चे काय आहे हे कळल्यावर ते भरून काढण्यासाठी रोज वीस मिनिटे बाजूला काढावीत आणि ती चालू अभ्यासात मिसळू नयेत. सातवीच्या मुलाला गरजेनुसार चौथी-पाचवीच्या पुस्तकापर्यंत मागे न्यावे लागते. यात कमीपणा वाटू नये म्हणून पुस्तकाऐवजी त्यातली उदाहरणे वहीत उतरवून द्यावीत. मागील इयत्तांची पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. दिवाळीपर्यंत नेमाने चालवले तर एकदोन मोठ्या उणिवा भरून निघतात. जे उरेल ते मे महिन्याच्या सुट्टीत घ्यावे.

स्वतः फारसे न शिकलेल्या किंवा मुलाच्या माध्यमाची भाषा न येणाऱ्या पालकांना हे आपल्या आवाक्याबाहेरचे वाटेल, पण तसे नाही. “आज शाळेत काय शिकवलं ते मला शिकव” असे म्हणून पाच मिनिटे ऐकण्यासाठी कोणतीही पदवी लागत नाही. ज्याला विषय समजला आहे ते मूल धडधड सांगते, ज्याला समजलेला नाही ते “तुला नाही कळणार” म्हणते. हे उत्तर वारंवार येऊ लागले, की शिक्षकांना भेटण्याची वेळ झाली असे समजावे.

दुसरी पायरी : प्रगतीपुस्तकातील श्रेणीमागे पाहावे

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक (वर्षभर वर्गात चालणारे) आणि संकलित (सत्राच्या शेवटी चाचणीने होणारे) असे दोन भाग असतात. राज्याच्या या पद्धतीत पाचवी-सहावीला दोन्हींचा भार निम्मा-निम्मा आणि सातवी-आठवीला आकारिक ४० टक्के व संकलित ६० टक्के असा ठरवला गेला. आकारिक भागात तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, गृहपाठ वगैरे येतात. तिथे उदार हाताने गुण पडतात, आणि खरे सांगायचे तर त्यांतले काही गुण आईने कापलेल्या थर्माकोलला पडलेले असतात. त्यामुळे ब-१ किंवा अ-२ अशी श्रेणी, म्हणजे ७१ ते ९० टक्क्यांची, पाहून निश्चिंत होऊ नये. संकलित चाचणीची उत्तरपत्रिका मागून घ्यावी आणि मुलासोबत चुकांचे गट पाडावेत : येतच नव्हते ते, येत होते पण प्रश्न नीट वाचला नाही ते, आणि वेळ पुरला नाही ते. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. “अजून अभ्यास कर” हा त्यांपैकी एकावरही नेमका उपाय नाही.

तिसरी पायरी : अभ्यास हळूहळू मुलाच्या हाती द्यावा

ही सर्वांत कठीण पायरी आहे, कारण इथे पालकांना काही करायचे नसून काही करण्याचे थांबवायचे असते. चौथीपर्यंत दप्तर भरण्यापासून पेन्सिलीला टोक काढण्यापर्यंत सारे घरच्यांनी केलेले असते, आणि सहावीत अचानक “आता मोठा झालास, तुझं तू बघ” असे म्हटले जाते. त्याऐवजी वर्षागणिक टप्पे ठरवावेत. पाचवीत रोज संध्याकाळी डायरी एकत्र पाहावी, परंतु उद्याचे दप्तर मुलानेच भरावे. सहावीत रविवारी आठवड्याचा आराखडा मुलाने मांडावा आणि पालकांनी एकच प्रश्न विचारावा : “यातलं सगळ्यात जड काय आहे, आणि ते कधी करणार?” सातवीत आठवड्यातून एकदा वह्या पाहाव्यात. आठवीत चाचणीच्या आधी आराखडा आणि चाचणीनंतर उत्तरपत्रिका, एवढ्यावर यावे. एखादा टप्पा जमला नाही तर ओरडाआरडा न करता एक पायरी मागे यावे आणि महिन्याभराने पुन्हा पुढे जावे.

अभ्यासाची वेळ ठरलेली असावी. जागा स्वयंपाकघरातला एक कोपरा असली तरी चालते. त्या वेळात टीव्ही बंद ठेवण्याचा नियम मोठ्यांनाही लागू असावा. आधी पुस्तक न उघडता “आज तासाला काय झालं?” हे आठवून कोऱ्या कागदावर पाच-सहा ओळींत लिहावे, मग धडा वाचून सुटलेले भरावे आणि शेवटी स्वाध्याय करावा. बहुतेक मुले याच्या उलट करतात : आधी स्वाध्याय, तोही गाईड समोर ठेवून. गाईड घरात ठेवूच नये असे मी म्हणत नाही. उत्तर स्वतः लिहून झाल्यावर ताडून पाहण्यासाठी ते उपयोगी पडते. पण गाईडमधून उतरवलेल्या सुवाच्य वहीने समाधान मानू नये, कारण तीत फक्त अक्षराचा सराव झालेला असतो.

आता रात्री साडेनऊचा प्रसंग घेऊ, जो जवळजवळ प्रत्येक घरात घडतो. जेवणे झाली आहेत, कोपऱ्यावरचे स्टेशनरीचे दुकान बंद झाले आहे आणि सहावीतली मुलगी सांगते की उद्या पाण्याच्या चक्राचा तक्ता द्यायचा आहे आणि घरात कार्डशीट नाही. बाबा चप्पल पायात सरकवून निघतात, आई मनातल्या मनात चित्र काढू लागते. इथे थांबावे. “बाई ओरडतील” असे मुलगी म्हणेल. “ओरडतील. उद्या त्यांना सांग, माझ्या लक्षात राहिलं नाही, परवा आणते,” असे शांतपणे म्हणावे. त्यावर उपदेशाचे आख्यान लावू नये आणि दुसऱ्या दिवशी “मग, कसं वाटलं?” असा टोमणाही मारू नये. पुढच्या रविवारी आराखडा लिहिताना “काही सामान आणायचं आहे का?” एवढे विचारावे. सहावीत शाळेत खावे लागलेले बोलणे स्वस्तात पडते. हीच सवय दहावीच्या तोंडी परीक्षेपर्यंत टिकली तर फार महाग पडते.

चौथी पायरी : क्लासचा निर्णय दिवसाचे तास मोजून घ्यावा

शेजारच्यांनी लावला म्हणून सर्व विषयांचा क्लास लावण्याची चाल आता पाचवीपर्यंत खाली आली आहे. तो लावण्यापूर्वी एका कागदावर मुलाचा दिवस मांडावा : शाळा, येण्या-जाण्याचा वेळ, क्लास, क्लासचा गृहपाठ, शाळेचा गृहपाठ, जेवण, झोप. यात रोज तासभर मैदानावर खेळायला आणि थोडा वेळ नुसते लोळत पडायला उरत नसेल, तर तो क्लास परवडत नाही, मग फी कितीही कमी असो. एखादा विषय घरी कोणालाच येत नसेल, तर त्या एकाच विषयासाठी मदत घ्यावी. त्यातही तीस-चाळीस मुलांच्या बॅचपेक्षा शेजारी राहणारी, महाविद्यालयात शिकणारी एखादी ताई आठवड्यातून दोनदा तास घेत असेल, तर तिचा उपयोग जास्त होतो. क्लास लावल्यानंतर दोन महिन्यांनी पहिल्या पायरीतील उदाहरणे पुन्हा द्यावीत. फरक दिसला नाही तर तो बंद करण्याचा संकोच बाळगू नये.

पाचवी पायरी : शरीरातील बदलांविषयी आधी बोलावे

मुलींमध्ये वयात येण्याच्या खुणा साधारणतः ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात दिसू लागतात. म्हणजे पाचवीतल्या काही मुलींच्या बाबतीत ही गोष्ट केव्हाही घडू शकते आणि “सातवीत सांगू” म्हणणाऱ्या घरात उशीर झालेला असतो. पाळी म्हणजे काय, पॅड कसे वापरायचे, शाळेत अचानक आली तर कोणत्या बाईंकडे जायचे, हे पाचवीतच सांगावे आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पॅड व जादा अंतर्वस्त्र ठेवून द्यावे. मुलग्यांना मात्र कोणीच काही सांगत नाही. आवाज फुटणे, मिसरूड येणे, झोपेत वीर्यस्खलन होणे हे सारे नैसर्गिक आहे, हे वडिलांनी, मामांनी किंवा मोठ्या भावाने साध्या शब्दांत सांगावे. नाहीतर ती माहिती मोबाइलवरून येते आणि ती कशी असते हे सांगायला नको. त्याच ओघात पाळी म्हणजे काय हे मुलग्यांनाही सांगितले, तर वर्गातील चिडवाचिडवी पुष्कळ कमी होते.

झोपेकडे पालकांचे दुर्लक्ष होते. ६ ते १२ वयाच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ वर्षांपुढील मुलांना ८ ते १० तास झोप हवी, अशी झोपतज्ज्ञांची शिफारस आहे. वयात येताना शरीराचे घड्याळच थोडे पुढे सरकते आणि रात्री लवकर झोप येत नाही, त्यामुळे सकाळच्या शाळेला उठताना होणारी कुरकुर सगळीच आळसाची नसते. सातची शाळा असेल आणि सहाला उठायचे असेल, तर बारा वर्षांच्या मुलाने नऊच्या सुमारास अंथरुणावर असले पाहिजे. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार शाळेतून मिळणारी लोहाची निळी साप्ताहिक गोळी आणि जंतनाशक गोळी मूल खरोखर घेते की बाकाखाली टाकते, हे विचारावे. रक्त कमी असलेले मूल दुपारच्या तासांना पेंगते आणि त्याचा दोष अभ्यासाला दिला जातो. दहाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लसही राहून गेली नसल्याची खात्री करावी.

सहावी पायरी : मित्र, मोबाइल आणि न बोललेल्या गोष्टी

व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम यांच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे खाते उघडण्याचे किमान वय १३ आहे, त्यामुळे सातवीपर्यंत “सगळ्यांकडे आहे” या युक्तिवादाला ठाम उत्तर तयार आहे. शाळेच्या सूचनांचा गट पालकांच्या फोनवर असावा. मोबाइल घराचा असावा, मुलाचा नसावा. रात्री तो बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लागावा, आणि हाच नियम आईबाबांच्या फोनलाही लावता आला तर वाद निम्म्यावर येतो.

समोर बसवून “बोल, काय झालं?” असे विचारले की या वयातली मुले मिटतात. तीच मुले मटार सोलताना, दुचाकीवर मागे बसल्यावर किंवा अंथरुणे घालताना भडाभडा बोलतात. तेव्हा सल्ला न देता ऐकावे. शाळेत जायला रोज पोट दुखणे, वस्तू वारंवार हरवणे, डबा तसाच परत येणे, आवडता मित्र अचानक नकोसा होणे यांपैकी काही दोन आठवडे टिकले, तर त्रास देणारे कोणी आहे का, याचा शोध घ्यावा. मोठ्या व्यक्तीकडून नकोसा स्पर्श किंवा धमकी असेल तर चौकशी स्वतः न करता तक्रार करावी. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी विनामूल्य आहे. मनावरचा ताण फार वाढला असेल, तर टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी मराठीत बोलता येते. शिक्षकांनी मारणे किंवा अपमानित करणे हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार निषिद्ध आहे. “आम्हीपण मार खाल्लाच की” असे म्हणून मुलाची तक्रार उडवून लावली, तर पुढची तक्रार घरापर्यंत येणारच नाही.

सातवी पायरी : शाळेशी बोलताना

पालकसभेत शंभर जणांच्या रांगेत उभे राहून “कसा आहे आमचा?” असे विचारले तर “थोडी मस्ती कमी करायला सांगा” याहून अधिक उत्तर मिळत नाही. वर्गशिक्षकांची वेळ घेऊन ऑगस्टमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा भेटावे, सोबत वही न्यावी आणि नेमके विचारावे : “भागाकारात शून्य द्यायला चुकतो, वर्गातही असंच होतं का?” अनुदानित व शासकीय शाळांतील व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, रिकामे राहणारे विज्ञानाचे तास हे विषय तिथे मांडावेत.

आठवी पायरी : आठवीच्या परीक्षा आणि कागदपत्रे

राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला होत होती; ती पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये घेतला. त्यामुळे आपल्या मुलाची संधी कोणत्या वर्षी आहे हे शाळेत आधीच विचारून घ्यावे. मुलाला कोडी आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न आवडत असतील तर ही परीक्षा जरूर द्यावी, परंतु तिच्यासाठी वर्षभर खेळ बंद करण्याइतकी ती मोठी नाही.

आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीची, म्हणजे एनएमएमएसची, गोष्ट वेगळी आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना ही परीक्षा आठवीत देता येते. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन प्रश्नपत्रिका असतात, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटे. अर्जासाठी सातवीत किमान ५५ टक्के गुण लागतात आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ५ टक्क्यांची सवलत आहे, म्हणून सातवीचे वर्ष ‘बिनमहत्त्वाचे’ मानून चालत नाही. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला आणि मुलाच्या नावाचे बँक खाते यांची तयारी सातवीच्या मे महिन्यातच करून ठेवावी. शाळेतील नोंद, आधार कार्ड आणि बँक पासबुक यांवरील नावाचे स्पेलिंग अक्षरशः सारखे आहे ना हे त्याच वेळी पाहावे, कारण एका अक्षराच्या फरकाने मंजूर झालेली रक्कमही खात्यात जमा होण्यापासून अडून राहते.